ओके मेलवर आल्याशिवाय प्लेट नाही: छपाईच्या दुकानात जीमेलचे दहा महिने

एप्रिलमधली गोष्ट. रात्रीचे साडेअकरा वाजलेले, कूलरमधलं पाणी संपलेलं, पंखा नुसती गरम हवा फेकतोय, आणि मी नंदनवनच्या काकूंच्या मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ, म्हणजे छापण्याआधी तपासायचा नमुना, प्रतापनगरच्या एका वरपित्याला धाडून दिलं. दोन्ही लग्नं एकाच तारखेची आणि दोन्ही फाइलींचं नाव 'पत्रिका फायनल २'. चूक शंभर टक्के माझी. बटण दाबलं आणि त्याच क्षणी अटॅचमेंटवर नजर गेली. खाली डाव्या कोपऱ्यात काळी पट्टी आली होती, तिच्यावर 'अनडू'. दाबलं. मेल परत माझ्यासमोर उघडा.

हे बटण काही नवीन नाही. २००९ साली प्रयोग म्हणून आलं, २०१५ पासून वेबवर सगळ्यांना मिळालं. पण मुळात ते पाच सेकंदांवर लावलेलं असतं. सेटिंगमध्ये जाऊन तीस केल्याशिवाय छपाईवाल्याच्या काही कामाचं नाही. पाच सेकंदांत माझा चष्माही नाकावर येत नाही. आणि गेलेला मेल इथे कोणी परत ओढून आणत नाही. तेवढे सेकंद तो गेलेलाच नसतो, दारात थांबवून ठेवलेला असतो. एकतिसाव्या सेकंदाला हात जोडून उपयोग नाही.

आमचं नागपूरच्या महाल भागात डीटीपी, म्हणजे संगणकावर मजकूर जुळवण्याचं, आणि छपाईचं छोटं दुकान आहे. सासऱ्यांच्या काळात इथे अक्षरांचे खिळे जुळवायचे. आता मी आणि एक पोट्टा संगणकावर, मागे मशीनवर आमचे हे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं, संस्थांच्या स्मरणिका. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, म्हणजे ईडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची मिरवणूक, तेव्हा त्यातल्या बडग्यांवरचे, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवरचे, फलक. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी पुस्तिका, डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमवर धरण्याला बसलेल्या मंडळींची निवेदनं. खातं जीमेलचं, २००७ पासूनचं. पण मागच्या पोळ्यापर्यंत ते नावालाच होतं. सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर.

मग साडेपाचशे पत्रिकांचं प्रकरण झालं. मुहूर्ताची वेळ चुकली. गिऱ्हाईक म्हणालं, बदल सांगितला होता. मी म्हटलं, सांगितला नव्हता. माझा फोन त्याच आठवड्यात बादलीत पडलेला, त्यामुळे चॅट गेलेलं. खरं कोणाचं ते मला आजही ठाऊक नाही. पत्रिका पुन्हा छापून दिल्या, आमच्या खर्चाने. दुसऱ्या दिवशी काउंटरवर पाटी लावली: ओके मेलवर आल्याशिवाय प्लेट नाही. प्लेट म्हणजे ज्यावरून छपाई होते तो पत्रा.

लोक चिडले. "ताई, मी त फोनवर सांगून राहिलो नं, मेल कायले पाह्यजे?" हे रोज ऐकावं लागलं. पण पाटी उतरवली नाही. तेव्हा पुढचं सगळं त्या नजरेने वाचा. मला मेलमध्ये सुंदर रंग नकोत, मला साक्षीदार हवा.

साक्षीदार वेळेवर सापडला पाहिजे, म्हणून पहिलं काम शोधण्याचं. शोधपट्टीत इंग्रजी अक्षरांत 'फाइलनेम', पुढे दोन टिंबं आणि सीडीआर असं टाकलं की कोरलड्रॉ या डिझाइनच्या प्रोग्रॅमच्या फाइली असलेले सगळे मेल समोर येतात. 'फ्रॉम' आणि दोन टिंबं लावून पत्ता दिला की एका माणसाचे. ही भाषा पाच-सहा शब्दांची आहे, मी कागदावर लिहून मॉनिटरच्या कडेला चिकटवली. पण मराठीतून शोधायला गेलं की वेगळीच गंमत. आमच्याकडे निम्मं मॅटर अजून श्रीलिपी नाहीतर कृतीदेवमध्ये येतं. त्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर 'शुभविवाह' दिसतो, पण आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. फॉन्टने त्यांच्यावर देवनागरीचा मुखवटा चढवलेला. मग युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या खऱ्या देवनागरी अक्षरांत, 'शुभविवाह' टाइप करून कितीही शोधा, कोणत्याच मेलसेवेला ते सापडणार नाही. त्यात आपली भाषा प्रत्ययांची: पत्रिका, पत्रिकेचा, पत्रिकांना. कोणत्या रूपात लिहिलं होतं ते सहा महिन्यांनी कोणाच्या लक्षात राहणार?

उपाय साधा निघाला. प्रत्येक कामाला नंबर, आणि तो सब्जेक्टमध्ये. 'जॉब ४१२ – पत्रिका – प्रूफ ३'. नंबराला प्रत्यय लागत नाही. एकाच सब्जेक्टवर उत्तर-प्रत्युत्तर ठेवलं की पूर्ण संवाद एका दोऱ्यात ओवलेला राहतो, जीमेलची ती जुनी खासियतच आहे. तिसरं प्रूफ कधी गेलं, काकूंनी नवरदेवाच्या आजोबांचं नाव कधी वाढवलं, सगळं एकाखाली एक. वर लेबलं. लेबल म्हणजे फोल्डर नव्हे, हे समजायला मला दोन महिने लागले. फोल्डरमध्ये कागद एकाच जागी राहतो; लेबलं मात्र एका मेलला तीन लावता येतात. 'पत्रिका', 'उधारी' आणि 'प्लेट झाली'. नावं मराठीत देता येतात, रंगही. उधारी लाल.

आता अटॅचमेंट. इथे मी जरा थांबणार आहे, कारण छपाईवाल्यांनी हे वाचायलाच हवं. जीमेलमध्ये मर्यादा २५ एमबीची. मेल हा मुळात अक्षरांसाठी बनलेला रस्ता आहे. त्यावरून चित्र पाठवायचं तर त्याची अक्षरं करावी लागतात, आणि त्यात फाइल एक तृतीयांशाने फुगते. १८ एमबीची फाइल वाटेत २४ एमबी होते. त्यामुळे आपल्याकडून मावली तरी पलीकडच्या सेवेची मर्यादा लहान असेल तर परत येऊ शकते. २५ च्या वर गेलं की जीमेल स्वतःच फाइल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या ऑनलाइन कपाटात, चढवून लिंक पाठवतं. सोय म्हणून उत्तम. आमच्या ८० पानी स्मरणिकेचे फोटो असेच आले, मूळ आकारात, एकही न दाबलेला.

पण प्रूफसाठी लिंक वापरू नका. लिंकमागची फाइल माझ्या खात्यात राहते. मी ती उडवली तर लिंक मेली. त्याहून वाईट म्हणजे त्याच लिंकवर मी नवी आवृत्ती चढवू शकते. म्हणजे गिऱ्हाइकाने सोमवारी ओके म्हटलं ते कशाला, हे मंगळवारी सांगता येत नाही. मी सुरुवातीचे दोन महिने मोठ्या ऐटीत लिंका पाठवत होते. मग एका बिलबुकाच्या वेळी आमच्या ह्यांनी मशीनवरून विचारलं, "तो ओके कोणत्या फाइलचा आहे?" मला उत्तर देता येईना. फाइल मीच मधे बदलली होती. तेव्हापासून प्रूफ म्हणजे हलकी पीडीएफ, दोन एमबीच्या आत, मेलला जोडलेली. एकदा गेली की ती त्याच्या खात्यातही तशीच आणि माझ्या 'सेंट'मध्येही तशीच.

याच कारणाने २०१८ मध्ये आलेला, मेलला मुदत घालणारा कॉन्फिडेन्शियल मोड आमच्या दुकानात निरुपयोगी. मुदत संपली की मजकूर उघडत नाही. आम्हाला नेमकं उलटं हवं आहे.

वेळ लावून पाठवण्याची सोय मात्र माझी सगळ्यात लाडकी. ती १ एप्रिल २०१९ ला आली, जीमेलच्या पंधराव्या वाढदिवसाला. लग्नसराईत माझं काम रात्री एकला संपतं. त्या वेळी प्रूफ पाठवलं तर माणूस अर्धवट झोपेत पाहतो आणि 'ओके' ठोकून मोकळा होतो. चूक मग पाचशे पत्रिकांवर. आता मी सकाळी साडेनऊची वेळ लावते. चहा झालेला असतो, चष्मा सापडलेला असतो, घरातले चारजण डोकावून पाहतात. चुका पकडल्या जातात. सकाळी उठून मलाच एखादी चूक आठवली तर शेड्यूल रद्द करायचं, मेल ड्राफ्टमध्ये येतो, फाइल बदलायची. फक्त नवी वेळ पुन्हा लावायला विसरायचं नाही. मी दोनदा विसरले. एकदा धरण्यावरच्या मंडळींचं निवेदन दिवसभर ड्राफ्टमध्ये पडून होतं आणि ते बिचारे स्टेडियमवर उन्हात.

पोट्ट्याला पासवर्ड द्यायचा की नाही, यावर घरात बरीच चर्चा झाली. द्यायची गरजच नाही, हे उशिरा कळलं. सेटिंगमध्ये 'अकाउंट्स'च्या पानावर दुसऱ्याच्या खात्याला आपल्या मेलमध्ये वाट देता येते. तो त्याच्या खात्यातून आत येतो, वाचतो, उत्तर देतो. पासवर्ड बदलू शकत नाही. पाठवणाऱ्याचं नावही मेलवर दिसेल असं ठेवता येतं. म्हणजे 'ताई, मी नाही पाठवलं' संपलं. हे करतानाच मला इनबॉक्सच्या अगदी तळाशी उजवीकडे बारीक अक्षरांत 'डिटेल्स' सापडलं. त्यात खातं कुठून, कधी उघडलं याची यादी असते. एका संस्थेच्या ऑफिसात मी स्मरणिकेसाठी लॉगिन करून तसंच सोडून आले होते, ते तिथे दिसलं. तिथल्याच बटणाने बाकी सगळीकडून एकदम साइन आउट केलं. घाम मे महिन्याचा नव्हता.

मे महिन्यावरून आठवलं. संध्याकाळी वावटळ सुटली की आमच्या गल्लीत आधी नेट जातं, मग लाइट. क्रोममध्ये ऑफलाइन मेल चालू केलं तर मागच्या ७, ३० किंवा ९० दिवसांचा मेल संगणकावर उतरून राहतो. इन्व्हर्टरवर बसून उत्तरं लिहायची. ती आउटबॉक्समध्ये थांबतात आणि नेट आलं की निघतात. मी ३० ठेवले आहेत. दुसऱ्याच्या किंवा सगळ्यांच्या संगणकावर हे चालू करू नका, तुमचा तेवढ्या दिवसांचा मेल तिथे उतरेल.

मग कचरा. कागद, शाई, प्लेटा, विमा, कोचिंग, सगळ्यांचे जाहिरातवाले मेल. २०२४ पासून जीमेल खात्यांवर दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यांना एका टिचकीत नाव काढण्याची सोय द्यावी लागते, आणि २०२५ मध्ये जीमेलने डावीकडच्या यादीत सगळ्या वर्गण्या एकत्र दाखवणारं पान दिलं. कोण सारखे मेल पाठवतं ते वरच्या क्रमाने. ते पान मी पहिल्यांदा उघडलं तो दिवस नेमका मारबतीच्या आदल्या संध्याकाळचा. बडग्याचे फलक छापून निघत होते आणि मी एकेकाचं नाव काढत होते. मागून पोट्टा ओरडला, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" त्या संध्याकाळी बासष्ट जणांना निरोप दिला. काही नवीन नावांनी परत आले, मारबतही दरवर्षी निघतेच.

बाकीचं झटपट. प्राथमिक, सोशल, प्रमोशन्स असे टॅब २०१३ पासून आहेत. मी बंद केले, कारण कोणता मेल कुठे ठेवायचा हा अंदाज यंत्राचा, आणि कागदवाल्याचा रेट माझ्यासाठी जाहिरात नाही. टेम्प्लेट, म्हणजे साठवून ठेवलेला तयार मजकूर, जरूर चालू करा. 'नावं, तारीख, वेळ, हॉलचा पत्ता तपासून जॉब नंबरसह ओके कळवा' ही ओळ मी आता टाइप करत नाही. रोमनमध्ये लिहून मराठी उमटवण्याची सोय आतच आहे, पोट्टा वापरतो. माझा हात रेमिंग्टन या जुन्या टंकलेखनाच्या कळपाटावर बसलेला, मला ते जमत नाही. आपणहून मजकूर लिहून देणारी नवी यंत्रबुद्धी मी दोनदा पाहिली आणि सोडली. आमचा मजकूर गिऱ्हाइकाचा असतो, आमचं काम तो न बदलण्याचं.

राहिली जागा. १ एप्रिल २००४ ला जीमेल आलं तेव्हा १ जीबी देतो म्हटल्यावर लोकांना एप्रिल फूल वाटलं होतं. तेव्हाच्या मोफत खात्यांत दोन-चार एमबी मिळत. सीताबर्डीच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून मी एकेक मेल उडवत बसायचे, ते आठवतं. आता १५ जीबी, पण मेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून, आणि २०२१ च्या जूनपासून नवे फोटोही त्यात मोजले जातात. जागा संपली की मेल येणंही थांबतं, म्हणजे ओके येणं थांबतं, म्हणजे मशीन थांबतं. म्हणून दर तीन महिन्यांनी 'लार्जर', दोन टिंबं, १० एम असं टाकायचं, मोठे मेल काढायचे, प्रूफाला हात लावायचा नाही. आणि ट्रॅश रिकामा करायचा. तो भरलेला असेपर्यंत जागा सुटत नाही.

सध्या १५ पैकी साडेअकरा भरले आहेत. आषाढात पत्रिकांचं काम मंदावतं, तेव्हा पुन्हा बसेन. आत्ता उठते, मागून ह्यांनी दोनदा हाक मारली आहे. जॉब ५३८ चा ओके आला म्हणून विचारतायत. आला आहे, पण सब्जेक्टमध्ये नंबरच नाही. परत पाठवते.