प्रिंट, लॉगिंग की लॉगुरू? छोट्या पायथन ॲपसाठी काय घ्यायचं

समजा दादरला एका पोळीभाजी केंद्राच्या काउंटरवर विंडोजचा जुना पीसी आहे, त्यावर तुम्ही पायथनमध्ये लिहिलेलं ऑर्डरचं ॲप, तुम्ही स्वतः ठाण्याला, आणि ऐन जेवणाच्या वेळी काकांचा फोन येतो की "अरे बिलच निघत नाहीये, काहीतरी लाल लाल आलं आणि गेलं". तेव्हा "काका, ती लॉग फाइल (ॲपने काय केलं, कुठे अडलं याच्या नोंदींची) व्हॉट्सॲप करा" एवढं म्हणता आलं पाहिजे, बस्स. नोंदी ठेवायचे तिन्ही पर्याय, म्हणजे साधं प्रिंट, पायथनचं लॉगिंग आणि लॉगुरू ही लायब्ररी, मी याच हिशोबाने बघतो.

स्क्रिप्ट तुमच्या डोळ्यांसमोरच चालणार असेल तर प्रिंट वापरा, उगाच शहाणपणा नको. पण तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं की पायथन ते बफरमध्ये (तात्पुरतं मेमरीत) साठवून एकगठ्ठा लिहितं, आणि मध्येच कुणी टास्क मॅनेजरमधून प्रोसेस मारली की शेवटच्या ओळी गायब, म्हणजे नेमक्या हव्या होत्या त्याच. फ्लश (ओळ लगेच फाइलमध्ये ढकलणं) चालू करून हे टळतं, पण वेळ, लेव्हल (नोंद किती गंभीर ते), कुठल्या फाइलमधून आलं ते सगळं हाताने लिहीत बसा.

लॉगिंग मॉड्यूल पायथनसोबतच येतं, २००३ च्या २.३ व्हर्जनपासून आहे, वेगळं काही इन्स्टॉल करायला नको. हँडलर (नोंद कुठे जायची), फॉर्मॅटर (ती कशी दिसायची) वगैरे सुरुवातीला डोक्याला ताप देतात हे खरंय. त्यात डीफॉल्ट लेव्हल वॉर्निंग, म्हणजे तुम्ही त्याखालच्या लेव्हलचं, इन्फो, लिहिता आणि दिसत काहीच नाही, बरेचजण इथेच वैतागून परत प्रिंटकडे जातात (लेव्हल इन्फो करा, विषय संपला). फाइल फुगू नये म्हणून रोटेटिंग फाइल हँडलर (फाइल भरली की ती बाजूला ठेवून नवी सुरू करणारा) लावा, साइझ १ एमबी आणि जुन्या फाइल ५, मग सगळं मिळून ६ एमबीच्या आसपासच राहतं. जुन्या फाइलचा आकडा मात्र द्याच, नाही दिला तर तो शून्य धरतात आणि मग साइझ दिली असली तरी फाइल रोटेट होतच नाही.

लॉगुरू वापरायला मस्त, एकदा इम्पोर्ट केलं की लगेच सुरू, रंगीत आउटपुट, रोटेशन आणि जुन्या फाइल काढून टाकणं एका ओळीत. पण बाहेरची लायब्ररी आहे, काउंटरवरच्या पीसीवर तीही टाकावी लागणार. आणि त्यात डायग्नोज नावाचा पर्याय डीफॉल्टने चालू असतो, एरर आला की ट्रेसबॅकमध्ये (एरर कुठून आला त्याच्या यादीत) व्हेरिएबलच्या व्हॅल्यूसुद्धा छापतो. घरी डीबग करताना सोनं, पण दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर, पत्ता, पासवर्ड जे काही त्या क्षणी व्हेरिएबलमध्ये असेल ते फाइलमध्ये आणि तिथून व्हॉट्सॲपवर. तिथे तो बंद करूनच द्या.

माझं मत विचाराल तर काउंटरवरच्या ॲपला साधं लॉगिंग. स्वतःपुरतं टूल असेल तर खुशाल लॉगुरू. दुसऱ्यांनी वापरायची लायब्ररी लिहीत असाल तर प्रश्नच नाही, लॉगिंगच, कारण वापरणाऱ्याचं सेटअप बहुतेक त्यावरच असतं.

आपल्याकडे एक गोष्ट मात्र हमखास नडते. गिऱ्हाइकाचं नाव मराठीत लॉग केलं की विंडोजवर लॉगिंगचा फाइल हँडलर सिस्टिमचं एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) धरतो आणि देवनागरी त्यात बसत नाही, ॲप चालू राहतं पण ती ओळ फाइलमध्ये जातच नाही. हँडलर बनवतानाच एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या, त्यात देवनागरी बसते. लॉगुरूच्या फाइलला ते आधीपासूनच असतं.