४५० क्लासचं बेल्टवालं हेलिकॉप्टर: नऊ महिने, १८६ उड्डाणं आणि शेपटीची सहा दुखणी

गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात मी आणि माझ्या भाच्याने मिळून ४५० क्लासचं (हा मॉडेलच्या आकाराचा वर्ग) आरसी, म्हणजे रिमोटवर उडणारं, हेलिकॉप्टर घेतलं. किट होतं, म्हणजे सगळं आपल्या हाताने जोडायचं. तेव्हापासून आषाढ लागेपर्यंत वहीत १८६ उड्डाणांची नोंद झाली आहे. मोटार, ईएससी (मोटारीचा वेग सांभाळणारं सर्किट), स्वॅशप्लेट (वरच्या पात्यांचा कोन बदलणारी तबकडी), पुढचे तीन सर्व्हो (पात्यांचा कोन हलवणाऱ्या छोट्या मोटारी) यांनी एकदाही तक्रार केली नाही. शेपटीने सहा वेळा केली. म्हणून हा अनुभव जवळजवळ सगळा शेपटीचाच आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण खाली लिहिलेलं बहुतेक या वर्गातल्या कुठल्याही बेल्टवाल्या मॉडेलला लागू पडेल.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. वरच्या पंख्याचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर, बॅटरीसकट वजन ८०० ग्रॅमच्या आसपास, तीन सेलची २२०० एमएएच लिपो, आणि एका चार्जवर पाच-सहा मिनिटांचं उड्डाण. आमचा वरचा पंखा मिनिटाला २६०० फेऱ्यांवर ठेवलेला आहे. तो एका दिशेला फिरतो तेव्हा खालचा सांगाडा उलट दिशेला फिरू पाहतो, आणि त्याला रोखून धरायचं काम शेपटीवरचा छोटा पंखा करतो. त्या पंख्याला गती रबरी बेल्टने मिळते. मोठा पंखा एकदा फिरेपर्यंत छोटा सव्वाचार वेळा फिरतो, म्हणजे मिनिटाला ११ हजार फेऱ्या. त्या पात्यांचा कोन किती ठेवायचा हे जायरो, म्हणजे सांगाड्याचं वळणं ओळखणारा सेन्सर, क्षणाक्षणाला ठरवतो आणि सर्व्होला सांगतो. या साखळीतली कुठलीही कडी बिघडली तरी बाहेरून दिसतं एकच: शेपूट जागेवर राहत नाही.

माझं फलटणला मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. बेअरिंगचा आवाज ओळखण्यात आयुष्य गेलं, तरी पहिले दोन महिने मीही प्रत्येक वेळी आधी जायरोच्या सेटिंगलाच हात घातला. तो क्रम चुकीचा होता. आता आम्ही शेपटीच्या टोकाकडून सुरुवात करतो आणि जायरोपर्यंत सगळ्यात शेवटी येतो.

पहिलं दुखणं सोपं होतं. हॉव्हर करताना, म्हणजे हवेत एका जागी थांबलेलं असताना, नाक हळूहळू डावीकडे सरकायचं, अगदी घड्याळाच्या काट्यासारखं एकसारखं. भाचा प्रत्येक उड्डाणात ट्रिमने (रिमोटवरच्या काठीचा मध्य थोडा सरकवणाऱ्या बटणाने) ते सावरायचा आणि पुढच्या उड्डाणात ते पुन्हा सरकायचं. हेडिंग होल्ड मोडमध्ये, म्हणजे जायरो नाकाची दिशा स्वतः धरून ठेवतो तेव्हा, रडरच्या (शेपूट वळवणाऱ्या) काठीचा अर्थ ‘या वेगाने वळ’ असा असतो. काठी मध्यावर म्हणजे वेग शून्य. ट्रिम दोन टिचक्या सरकवला की जायरोला ‘सतत थोडं थोडं वळत राहा’ असा हुकूम जातो आणि तो तो इमानाने पाळतो. ट्रिम आणि सबट्रिम शून्यावर आणले. रिमोटच्या हेलिकॉप्टर प्रोग्रॅममध्ये थ्रॉटलबरोबर रडर मिसळणारं रिव्हो मिक्सिंग आधीपासून चालू होतं, तेही बंद केलं. हेडिंग होल्डमध्ये त्याची गरज नसते. उलट दर वेळी थ्रॉटल वाढवला की शेपटीला झटका बसतो.

मग शेपटीची मूळ जुळणी रेट मोडमध्ये, म्हणजे जायरो फक्त झटके सावरतो पण दिशा धरून ठेवत नाही अशा सेटिंगवर, केली. सर्व्होचा आर्म लिंकशी (सर्व्होची हालचाल शेपटीपर्यंत नेणाऱ्या सळीशी) काटकोनात बसवला, आणि लिंकची लांबी अशी ठेवली की काठी मध्यावर असताना पात्यांना थोडा कोन राहील आणि हॉव्हरमध्ये शेपूट आपली आपण जागेवर थांबेल. हे झाल्यावरच हेडिंग होल्ड. हे काम तासाभराचं आहे. आम्ही टाळलं होतं, कारण किटच्या पुस्तिकेत त्यावर दोनच ओळी होत्या.

इथेच एक तपासणी सांगतो, ती दर जोडणीनंतर करतो. हेलिकॉप्टर हातात धरून नाक झटकन डावीकडे वळवायचं. रडरची काठी उजवीकडे नेल्यावर स्लायडर (शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारी सरकती कडी) ज्या बाजूला जातो, त्याच बाजूला तो आपोआप गेला पाहिजे. उलटा गेला तर जायरोची दिशा उलटी आहे, आणि जमिनीवरून उठताक्षणी मॉडेल गरागरा फिरणार. सर्व्होचा संकेत १५२० मायक्रोसेकंदाचा की ७६० चा, आणि सर्व्हो डिजिटल की ॲनालॉग, हेही जायरोमध्ये त्याच वेळी बघा. डिजिटलच्या सेटिंगवर ॲनालॉग सर्व्हो लावला तर तो तापून जळतो.

खरी परीक्षा नोव्हेंबरच्या शेवटी झाली. सकाळी साडेसहाला माळावर वारा अजिबात नव्हता, आणि भाचा म्हणाला, “मामा, शेपूट कुत्र्यासारखं हलतंय.” डावीकडे-उजवीकडे, सेकंदाला तीन-चार वेळा. यालाच सगळे वॅग म्हणतात. गेन (जायरोच्या दुरुस्तीचा जोर) कमी केला तर हलणं थांबलं, पण शेपूट मऊ पडलं. थोडा वारा आला की नाक वाहवत जायचं. जुना गेन दिला की पुन्हा वॅग. गेन कमी करून वॅग दाबणं म्हणजे दुखणाऱ्या दातावर लवंग धरण्यासारखं आहे. हे मला तेव्हाच कळलं असतं तर तीन आठवडे वाचले असते.

लिंक सर्व्होवरून सोडवली आणि स्लायडर बोटाने सरकवून पाहिला. नुसतं हेलिकॉप्टर कुशीवर धरलं तर तो आपल्या वजनाने घसरायला हवा. आमचा अर्ध्यावर अडकत होता. दोन बॉललिंक घट्ट होत्या, त्या मोकळ्या केल्या. आर्मवरचा बॉल मध्यापासून ८ मिलिमीटरवर होता, तो ६ वर आणला. सर्व्होच्या छोट्या हालचालीने पात्यांचा कोन फार बदलत असेल तर जायरोला बारीक दुरुस्ती करताच येत नाही. वॅग निम्म्याने कमी झाला, पण गेला नाही.

शेवटी टेल ग्रिप सुटी केली. ग्रिप म्हणजे पातं धरणारी छोटी मूठ, आतमध्ये दोन बेअरिंगं. बोटाने फिरवली तर लोण्यासारखी फिरत होती. मी ती बाजूला ठेवणारच होतो. पण दुकानात मोठ्या मोटारीचं बेअरिंग तपासताना आम्ही ते कधी रिकामं फिरवून पास करत नाही, दाब देऊन फिरवतो. तसंच केलं. ग्रिप चिमटीत धरून बाहेरच्या बाजूला ओढली आणि ओढलेली असतानाच फिरवली. बोटांना स्पष्ट खर्र लागलं. एक जागा अशी की तिथे ग्रिप अडकते आणि जोर दिला की टुपकन पुढे जाते. ओढ सोडली की पुन्हा लोणी.

वहीत हिशेब मांडला तेव्हा अर्थ लागला. दोन ग्रॅमचं पातं, त्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून पाच सेंटिमीटरवर, आणि मिनिटाला ११ हजार फेऱ्या. बाहेर ओढणारं बल येतं जवळजवळ साडेतेरा किलो वजनाइतकं. चिमटीएवढ्या ग्रिपला फिरताना पूर्ण वेळ साडेतेरा किलो लटकलेलं असतं, आणि त्या ओढीखाली ती सेकंदात कितीदा तरी बारीक मागेपुढे वळावी लागते. आमच्या किटमध्ये तिथे अक्षाच्या दिशेची ओढ पेलणारं थ्रस्ट बेअरिंग नव्हतं, साधी रेडियल बेअरिंगं होती, आणि तशी ओढ त्यांना सोसत नाही. जमिनीवर सगळं ठीक आणि हवेत वॅग, याचं कारण इतकं साधं होतं.

थ्रस्ट बेअरिंग असलेल्या ॲल्युमिनियमच्या ग्रिप मागवल्या, यायला अडीच आठवडे लागले. बसवताना एक गोष्ट जपावी लागते: थ्रस्ट बेअरिंगच्या दोन कड्यांपैकी मोठ्या छिद्राची कडी आत, हबकडे, आणि लहान छिद्राची बाहेर. उलटी घातली तर बेअरिंग काही उड्डाणांतच खराब होतं. पात्यांचे स्क्रू फार आवळायचे नाहीत. पातं आपल्या जागी उभं राहावं, पण शेपूट झटकलं तर हलावं, इतकंच. त्या दिवशी गेन पूर्वीपेक्षा दहा टक्के वर नेला तरी शेपूट भिंतीला खिळल्यासारखं उभं राहिलं. भाचा मिनिटभर काही बोललाच नाही, नुसता बघत राहिला.

जानेवारीत वेगळंच सुरू झालं. शेपूट छान उभं असायचं आणि मध्येच एक टुक करून झटका. कधी दोन मिनिटांत एकदा, कधी दहा सेकंदांत तीनदा. सकाळी दव असताना काही नाही, दहानंतर हवा कोरडी झाली की सुरू. आम्ही सर्व्हो बदलला, जायरोच्या पिना पुसल्या, रिसीव्हर दुसरीकडे चिकटवला. काही फरक नाही. एका संध्याकाळी दुकानात, वरची मोठी पाती काढून ठेवून, नुसती शेपूट चालवून बघत होतो. बंद केल्यावर मी बूमला (शेपटीच्या लांब नळीला) बोट लावलं आणि चटका बसला. स्वेटर काढताना बसतो तसा.

रबरी बेल्ट पुलीवरून आणि प्लॅस्टिकच्या गाइडवरून सेकंदाला हजाराहून जास्त दाते सरकवत जातो. कोरड्या हवेत त्याने वीज साठते. आमचा सांगाडा प्लॅस्टिकचा, त्यामुळे ॲल्युमिनियमची बूम चारी बाजूंनी अलग पडलेली. साठलेली वीज मग जवळच्या वायरवर उडी मारते आणि सर्व्होला किंवा रिसीव्हरला झटका देते. मल्टिमीटर लावला: बूम आणि मोटारीचा माउंट यांच्यात बीप नाही. बूमवरचा रंगीत अॅनोडायझिंगचा थर वीज वाहू देत नाही, म्हणून क्लॅम्पखाली पॉलिश पेपरने नखाएवढी जागा घासली, पातळ तांब्याची तार तिथे दाबून बसवली आणि दुसरं टोक मोटारीच्या माउंटच्या स्क्रूखाली घेतलं. बीप आली. बेल्टवर ग्रॅफाइटची पूड चोळली, आणि सर्व्होची वायर बूमपासून दूर नेली. खर्च शून्य. त्यानंतर होळीपर्यंत, सगळ्यात कोरड्या दिवसांतही, एक टुक आला नाही. माण-खटाव-फलटण पट्ट्यात, सोलापूरकडे किंवा मराठवाड्यात हिवाळ्यात उडवणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी करून घ्यावं असं मी कळकळीने सांगेन.

एप्रिलच्या उन्हात जायरोखालची दुहेरी फोम टेप मऊ पडली आणि जायरो एका बाजूला कलला. टेप बदलली, आणि जायरोची वायर ताणलेली होती ती सैल वळसा देऊन सोडली, कारण ताठ वायरमधूनही सांगाड्याची थरथर आत पोचते. बॅटरी जोडल्यावर पाच सेकंद मॉडेलला हात लावायचा नाही, हा नियम भाच्याला मी कडक करून दिला आहे. जायरो त्या वेळात आपलं शून्य ठरवतो. हलवलं तर तो हलतं शून्य धरून बसतो.

मे महिन्यात भाच्याने जरा जोरात उतरवलं. काही मोडलं नाही असं वाटलं, पण पुढच्या उड्डाणात रडर जोरात दिला की कट् असा आवाज आणि शेपूट क्षणभर सुटायचं. बूम क्लॅम्पमध्ये दोन मिलिमीटर पुढे सरकली होती आणि बेल्ट सैल पडून दात चुकवत होता. बूम पुन्हा ओढून बेल्ट असा ताणला की बोटाने दाबला तर दबतो, पण समोरच्या बाजूला टेकत नाही. फार ताणला तर मोटार तापते आणि बेअरिंगं लवकर जातात. बेल्ट बसवताना त्याला पाव पीळ द्यावा लागतो. तो उलटा पडला तर शेपटीचा पंखा उलट फिरतो. बूम काढली की आम्ही फिरण्याची दिशा हाताने मुख्य गिअर फिरवून बघतोच. त्याच वेळी शेपटीच्या पंख्याचा दांडा काचेवर लोळवून पाहिला. डोळ्यांना सरळ दिसणारा तो दांडा काचेवर एका जागी प्रकाशाची बारीक फट दाखवत होता, म्हणून तोही बदलला.

शेपटीची कुठलीही चाचणी दुकानात करताना मोठी पाती काढून ठेवा. २६०० फेऱ्यांवर त्यांची टोकं ताशी ३४० किलोमीटरने जातात, आणि आपलं सगळं लक्ष मागे शेपटीकडे असतं.

हे मॉडेल घ्यावं का? शिकणाऱ्याने बेल्टवालंच घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. टॉर्क ट्यूब (बेल्टऐवजी गिअर आणि फिरता दांडा) असलेली शेपूट अधिक नेमकी असते, वीज साठण्याचा प्रश्न कमी असतो, पण पाती गवताला लागली की तिच्या गिअरचे दाते जातात. आमची पाती या काळात सात-आठ वेळा गवताला लागली, बेल्ट दोनच बदलले. मात्र किटबरोबरच्या प्लॅस्टिकच्या टेल ग्रिप पहिल्याच दिवशी काढून टाका. कंपनीने तिथे थ्रस्ट बेअरिंग द्यायला हवं होतं. किटच्या किमतीत ते सहज बसलं असतं. शेपटीवर नऊ महिन्यांत ग्रिप, दोन बेल्ट, एक दांडा, पात्यांच्या चार जोड्या आणि बेअरिंगं मिळून साडेतीन हजारांच्या आत खर्च झाला.

आता पाऊस लागलाय, माळावर चिखल आहे. हेलिकॉप्टर दुकानात वरच्या फळीवर आहे. काल भाचा येऊन प्रत्येक ग्रिप ओढून फिरवून बघून गेला, आणि डाव्या ग्रिपवर मार्करने खूण केली. मीही बघितली. अगदी बारीक आहे, पण खर्र आहे.