कान तयार करायचा क्लास, लातूर – तीन महिने जाऊन आल्यावर

मी गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवतो, औसा तालुक्यात. अडचण एकच, बुवांनी अभंग उचलला की मला त्यांचा सा, म्हणजे गाण्याचा आधारस्वर, सापडेपर्यंत अर्धं चरण निघून जायचं. मोबाईलवर एक ॲप घेऊन बघितलं, ते दोन स्वर वाजवतं आणि अंतर विचारतं, खाली चार पर्याय. माझा स्कोर ९० च्या वर जायला लागला पण मंडळात बसलं की परत तेच. मग लातूरला औसा रोडच्या मागच्या गल्लीत एक सर नुसतं स्वरज्ञान शिकवायलेत असं कळलं, लागलो जायला.

सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, ॲप दरवेळी सा बदलतंय, आपल्याकडं सगळं एक सा धरून ऐकायचं असतं, आणि पर्याय दिसले की माणूस अंदाज मारतो. इथं पेटीवर उपरणं टाकतात, एक स्वर दाबतात, नाव लगेच सांगायचं नाही, आधी आकारात, म्हणजे नुसता ‘आ’ लावून म्हणायचा, तिथून सा पर्यंत उतरत यायचं, मगच नाव. मला कोमल ध अन् शुद्ध ध कळतच नव्हते. सर म्हणले पंचम मनात धरून ठेव, कोमल ध त्याला चिकटून असतो, भैरव रागातला कोमल ध म्हणून बघ, मग भूप रागातला शुद्ध ध म्हण. आठ दिवसात सुटलं ते.

सगळ्यात भारी म्हणजे तंबोरा. खर्जाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या सा च्या तारेतून आपोआप गंधार ऐकू येतो म्हणायचे, मला दोन आठवडे काहीच ऐकू येईना, तरी मान हलवत होतो. तिसऱ्या रविवारी डोळे मिटून बसलो होतो आणि एकदम आला की हो, अंगावर काटा! सरांनी लगेच पेटीवरचा ग लावला तर तो जरा चढा. पेटीत सप्तकाचे बारा सारखे भाग, एकेक १०० सेंटचा (सेंट म्हणजे स्वरांतलं अंतर मोजायचं माप), म्हणून सा पासून तिचा ग ४०० वर अन् तंबोऱ्यातला ३८६ च्या आसपास. बारा वर्षं पेटी वाजवायलो, हा फरक कधी कानाला लागला नव्हता.

खटकलं ते पण सांगतो. बॅचमध्ये चौदा जण, प्रारंभिक परीक्षेची पोरं अन् आमच्यासारखे एकत्रच, तासात दोनदा नंबर येतो, त्यामुळं घरी रोज दहा मिनिटं तंबोरा लावून बसलं नाही तर पैसे वाया. फी महिना ६००, मला जास्त वाटली नाही.

गेल्या एकादशीला बुवांनी पांढरी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी पांढरी पट्टी सा धरून, उचललं, मी पहिलीच पट्टी दाबली ती बरोबर निघाली, पखवाजवाल्यानं वळून बघितलं.

जायचं असेल तर रविवार सकाळची बॅच मागा, संध्याकाळी शेजारच्या ट्यूशनच्या पोरांच्या गाड्यांचा लई आवाज असतो.