फोर्टी साइज विमानावर कोणतं इंजिन: ४०, ४६ की ६१?

बाल्साच्या हलक्या लाकडाचं, रेडिओ कंट्रोलवर उडणारं फोर्टी साइज ट्रेनर, म्हणजे शिकाऊ मॉडेल विमान, बांधून झालं आहे. पंखांची लांबी दीड मीटरच्या जरा वर, उडायच्या तयारीत वजन अडीच किलोच्या आसपास. आता ग्लो इंजिन (मिथेनॉलच्या इंधनावर, ग्लो प्लगने पेटणारं) घ्यायचं आहे: नावाप्रमाणे ४० (०.४० घनइंच, म्हणजे साडेसहा सीसी), ४६ (साडेसात सीसी), की कुणाकडे तरी पडून असलेलं, स्वस्तात मिळणारं ६१, म्हणजे दहा सीसी?

मोठं इंजिन मागणाऱ्यांचा एक मुद्दा मराठवाड्यात खरा आहे. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर गेला की इथली हवा प्रमाण हवेपेक्षा (समुद्रसपाटी, १५ अंश) सुमारे १५ टक्के विरळ होते. इंजिनाचा जोर घटतो, आणि विमान उचलायला वेग मात्र ८ टक्के जास्त लागतो. बॉल बेअरिंगऐवजी साध्या धातूच्या बुशिंगवर फिरणारं ४० अशा दुपारी मुरमाच्या मैदानावरून रडतखडत उठतं. हिवाळ्यात, सकाळच्या गार हवेत, तेच पुरेसं होतं. दिवाळी ते होळी एवढंच उडवणार असाल तर ४० खुशाल घ्या.

६१ ची अडचण वजनापासून सुरू होते. मफलर धरून ते ४६ पेक्षा साधारण २०० ग्रॅम जड. हे वजन गुरुत्वमध्याच्या ३० सेंटीमीटर पुढे बसलं, तर ७५ सेंटीमीटर मागे शेपटीत ८० ग्रॅम शिसं घालावं लागतं. म्हणजे २८० ग्रॅम वाढले, ११ टक्के. लँडिंगचा वेग वाढतो, आणि ज्वारीच्या सडांत किंवा काळ्या मातीच्या ढेकळांत चाक अडकलं की लँडिंग गिअर बुडाच्या प्लायसकट उखडून येतं. शिवाय बारा इंची प्रॉप (इंजिनाचा पंखा) जमिनीला टेकण्याची भीती आहेच. “थ्रॉटल आपल्याच हातात आहे ना” असं म्हणणारे भेटतात. पण थ्रॉटल कमी केल्याने वजन कमी होत नाही.

पंख मोडतो तो मात्र सीसीमुळे नव्हे, वेगामुळे, आणि इथे इंजिनापेक्षा प्रॉप जास्त बोलतो. मिनिटाला १२,००० फेऱ्या धरल्या तर ११×५ प्रॉपचा (व्यास ११ इंच, एका फेरीतली पुढची चाल ५ इंच) कागदावरचा वेग ताशी ९१ किलोमीटर येतो, १०×७ चा १२८. भार वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे त्याच ४६ वर नुसता प्रॉप बदलला, तर एलिव्हेटर (शेपटीतला, नाक वर-खाली करणारा भाग) झटक्यात ओढल्यावर पंखाच्या मधल्या जोडावर येऊ शकणारा ताण जवळपास दुप्पट. ट्रेनरच्या जाड पंखाचा अवरोध तो पूर्ण वेग गाठू देणार नाही हे खरं, पण सूर मारताना गुरुत्वाकर्षण उरलेली कसर भरून काढतं.

त्याच वेगात फ्लटर, म्हणजे हलत्या भागांची बेफाम थरथर, येतो. एलेरॉनच्या (पंखामागच्या हलत्या पट्टीच्या) बिजागरीतली फट, सैल क्लेव्हिस (जोडचिमटा), लवचिक पुशरॉड (ती पट्टी हलवणारी काडी) यांतून थरथर सुरू होते आणि क्षणात एलेरॉन निखळतो. आपल्याकडे उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या पंखाचं कव्हरिंग (वरची प्लास्टिक फिल्म) सैल पडतं. उघड्या सांगाड्याच्या पंखाला पीळ न बसू देण्यात त्या फिल्मचा मोठा वाटा असतो. उन्हाळ्यात उडवण्याआधी इस्त्री फिरवून ती ताणून घ्या.

सांगाडा मजबूत करून ६१ बसवावं का? मधल्या जोडाला इपॉक्सीत फायबरग्लास पट्टी, स्पारांच्या (पंखातल्या लांब मुख्य काड्यांच्या) मध्ये उभ्या रेषांचे बाल्साचे वेब, फायरवॉलमागे (इंजिन बसतं त्या पाटीमागे) तिकोनी पट्ट्या हे सगळं होतं. पण ही डागडुजी स्वतःचंही वजन घेऊन येते. त्यापेक्षा ६१ साठी सिक्स्टी साइज विमानच बांधावं. ४६ साठी मात्र यातली पट्टी आणि फायरवॉलचा आधार जरूर करा.

इलेक्ट्रिक हवं असेल तर किलोमागे २०० ते २५० वॅट पुरतात, कंपनंही कमी. फक्त बॅटरी मेच्या उन्हात ठेवू नका.

मी बॉल बेअरिंगचं ४६ घेईन, ११×५ प्रॉप लावेन, निडल दोन-तीन क्लिक रिच (इंधन जरा जास्त) ठेवेन, आणि नाक खाली गेलं की थ्रॉटल पूर्ण कमी.