जीटीएक्स १०६० म्हणून दहा वर्षांपूर्वीचं ग्राफिक्स कार्ड गळ्यात मारलं, १९७ डॉलर गेले

मुलाला गेम खेळायचे होते. तेव्हा गेमचे कन्सोल असे होते: एक्सबॉक्स सिरीज एस २९९ डॉलरला, पीएस ५ (प्लेस्टेशन) ची बिनडिस्कची आवृत्ती ३९९ ला. घरात कॉम्प्युटर होताच. मुलाला म्हटलं, नुसतं ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमची चित्रं पडद्यावर काढणारा भाग, घालू, कन्सोलपेक्षा स्वस्तात पडेल. शिवाय कन्सोलवर विकतचे बहुतेक गेम ऑनलाइन खेळायला वर्गणी लागते, तीही वाचेल. हा हिशोब चुकीचा नव्हता, हे मी आजही ठामपणे सांगतो.

पण ते होतं २०२१. आरटीएक्स ३०६० या नव्या कार्डाची जाहीर किंमत ३२९ डॉलर, आणि त्या किमतीला ते कुठेच मिळेना. चिपचा तुटवडा होता, त्यात मायनिंगवाले, म्हणजे या कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणारे, सगळा माल उचलत होते. म्हणून एका विक्रीच्या साइटवरून वापरलेलं जीटीएक्स १०६०, ६ जीबी मेमरीचं, घ्यायचं ठरवलं. इतर लोक २५० च्या पुढे मागत होते. एका विक्रेत्याने १८५ सांगितले, वर पाठवणावळ १२. 'साइटबाहेर पैसे दिलेत तर २० कमी करतो' असंही म्हणाला. मी नकार दिला, साइटवरूनच बँकेच्या कार्डाने पैसे भरले. म्हणजे डोळे मिटून घेतलं असं कुणी म्हणू नये.

आता ज्या क्षणाचा विचार करून अजून झोप लागत नाही तो सांगतो. कार्ड बसवलं तर मागे निळा व्हीजीए पोर्ट, म्हणजे मॉनिटरची जुन्या पद्धतीची अॅनालॉग वायर लावायची जागा. आमचा मॉनिटर जुना, व्हीजीएचाच. मुलगा म्हणाला, "बाबा, आपली वायर थेट बसते की!" आणि मला आनंद झाला! अडॅप्टरचे पैसे वाचले म्हणून. जीटीएक्स १०-मालिकेची चिप अॅनालॉग सिग्नल देतच नाही, हे तेव्हा दोन मिनिटं शोधलं असतं तरी कळलं असतं. १०६० वर व्हीजीए दिसला की तिथेच थांबा.

विंडोजमध्ये नाव बरोबर, मेमरी ६ जीबी. नाव दिसलं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. कार्डातला बायोस, म्हणजे कार्डाची ओळख सांगणारा आतला प्रोग्राम, बदलून हवं ते नाव चढवतात. कंपनीचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकताना अर्ध्यावर अडकायचा. विक्रेता म्हणाला, खोक्यातल्या सीडीतला टाका. टाकला. गेम सुरू व्हायचे आणि जरा मोठं दृश्य आलं की बंद पडायचे. मला वाटलं पॉवर सप्लाय कमी पडतोय, म्हणून ५८ डॉलरचा नवा आणला. विक्रेता रोज गोड बोलायचा: व्हिडिओ पाठवा, दुसरा ड्रायव्हर देतो, दोन दिवस थांबा. ३० दिवसांची परतीची मुदत अशी त्याने खाल्ली. मुदत चालू असताना विक्रेत्याशी गप्पा मारू नका, पहिल्याच दिवशी परतीचा अर्ज टाका.

३४ व्या दिवशी जीपीयू-झेड हे कार्ड तपासायचं सॉफ्टवेअर चालवलं. फुकट मिळतं. असली बनावट कार्डं ते २०१८ पासून ओळखतं, नावाआधी 'फेक' लिहून दाखवतं. आत निघालं जीटीएक्स ५५० टीआय, २०११ चं! १२८० कोअरच्या (चिपमधल्या गणित करणाऱ्या भागांच्या) जागी १९२, मेमरी १ जीबी.

साइटवाले म्हणाले, मुदत संपली. भांडल्यावर म्हणाले, तंत्रज्ञाचं लेखी पत्र आणा. २५ डॉलर देऊन आणलं, तर उत्तर आलं की वस्तू चालू स्थितीत आहे. पत्रात पहिल्याच ओळीत बनावट लिहिलंय, वाचलं तरी का? बँकेने सांगितलं, पार्सल पोहोचल्याची सही आहे, पैसे परत मागता येत नाहीत. पोलिसांकडे गेलो तर हा दिवाणी मामला. तिथल्या माणसाने विचारलं, "गेम खेळायच्या कार्डासाठी आलात?" चोरी कशाची झाली यावर चोरी ठरते का? तीन ठिकाणी तीच कागदपत्रं दिली, तिघांनीही एकमेकांकडे बोट दाखवलं. साइटकडे पुन्हा अपील केलंय. २३ दिवस झाले, पोचही नाही.

१८५, १२, ५८, २५. एकूण २८० डॉलर. पॉवर सप्लाय तेवढा उरलाय. आणखी १९ घातले असते तर कन्सोल घरात असता.

खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा, माझ्याकडे नव्हता.

त्या विक्रेत्याची जाहिरात अजून चालू आहे. फोटो एकच, पंख्याच्या बाजूचा. मुलाच्या खात्यावरून पोर्टच्या बाजूचा फोटो मागून पाहिला. उत्तर आलं नाही.