ह्युलोची सुट्टी आमच्या नौपाड्यातल्या हॉलमध्ये

फ्रेंच दिग्दर्शक झाक तातींच्या 'मस्य (म्हणजे श्रीयुत) ह्युलोची सुट्टी' (१९५३) या कृष्णधवल चित्रपटाची डीव्हीडी मी बाबांसाठी मागवली. इंग्रजी सबटायटल्स त्यांना भरभर वाचवत नाहीत. इथे मात्र संवाद अगदी मोजके, समुद्रकाठच्या हॉटेलात सुट्टीला आलेला नायक ह्युलो तर जवळजवळ बोलतच नाही.

सुरुवातीलाच स्टेशनवर भोंग्यातून न कळणारी घोषणा होते आणि मुलाबाळांसकट सगळे या फलाटावरून त्या फलाटावर धावतात. तीस वर्षं ठाणे-व्हीटी केलेले बाबा तिथेच खदखदून हसले. पुढे ह्युलोची होडी समुद्रात मधोमध दुमडते, ती लोकांना शार्कचा जबडा वाटते, तेव्हा तर त्यांच्या डोळ्यांत पाणी. हॉटेलच्या जेवणघराच्या दाराचा आवाज माझ्या कानांतून अजून जात नाही.

गोष्ट अशी फारशी नाही, आईला मधला भाग रेंगाळलेला वाटला. मला तो रेंगाळच हवा होता. समुद्रकाठी दुपारी वेळ असाच जातो की!

शेवटी सामान बांधताना बहुतेकजण ह्युलोकडे पाठ फिरवतात. चित्रपटभर बायकोमागून मुकाट फिरणारा एक म्हातारा मात्र आवर्जून निरोप घ्यायला येतो. ते दृश्य बाबांनी मागे नेऊन पुन्हा पाहिलं.