खुराड्याला विटांच्या पायऱ्या की फळी?
आमच्या गोराईला पावसात अंगणात पाणी साचतं म्हणून खुराडं 2 फूट वर घेतलं, पण मग कोंबड्या चढणार कशा? आधी विटांच्या पायऱ्या रचल्या, फुकटात काम, तलंगा (तरण्या कोंबड्या) टुणकन वर जायच्या, पण जड कोंबडी उतरताना शेवटी धपकन उडीच मारायची आणि रोज असं आपटून तिचा तळवा सुजला. मग फळी लावली, 4 फुटी, दर चार बोटांवर आडवी पट्टी ठोकलेली. आपल्याला हीच पटली, पिल्लंपण आरामात चालत जातात. फक्त जुलैत शेवाळ धरतं, काथ्याने घासावं लागतं (तरी परवा कोंबडा घसरलाच, वर माझ्याकडेच रागाने बघत होता). आणि रात्री फळी काढून ठेवली की घुशींना आयता रस्ता नाही, विटा कोण रोज उचलणार?